बारा आण्यांचा मसाला
(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपल्या आजीला जितकी पटते, तितकी आपल्याला पटत नाही. कारण उघड आहे. कोंबडी बाजारात दिसते, तिचा भाव विचारता येतो, घासाघीस करता येते. मसाला मात्र घरी आल्यावर चिमूट चिमूट करून लागतो आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. यंदा आपल्या महाविद्यालयात कॅन्टीनपासून प्राध्यापक-कक्षापर्यंत ज्या एका विषयाची चर्चा झाली, तो या म्हणीत चपखल बसणारा आहे. म्हणून आरंभीच तिचे स्मरण.

विषय असा. आपल्या ग्रंथालयातील एका लाकडी कपाटात महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक आहेत. जवळजवळ पन्नास. खिळे जुळवून छापलेल्या त्या पानांत आपल्यापूर्वीच्या कित्येक पिढ्यांनी लिहिलेल्या पहिल्या कविता, पहिल्या कथा आणि पहिली भांडणे आहेत. पण तो कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्तातला. असा कागद स्वतःच्याच आम्लाने वर्षानुवर्षे पिवळा पडत जातो, ठिसूळ होतो आणि शेवटी घडीवर तुटतो. काही अंकांची पाने आताच उलटताना हातात येतात. तेव्हा सर्व अंकांची छायाप्रत काढून ती संगणकावर ठेवावी, त्याबरोबर ग्रंथालयाची सूचीही ठेवावी आणि वाचनकक्षात बसून कोणालाही ती पाहता यावी, अशी कल्पना पुढे आली. कल्पना उत्तम आहे, तिच्याविषयी दुमत नाही.

दुमत आहे ते पुढच्या गोष्टीविषयी. या कामासाठी एक जुना सर्व्हर अवघ्या १५,००० रुपयांत मिळतो आहे. डेल कंपनीचा, पॉवरएज आर-७१० जातीचा, दोन प्रोसेसर असलेला, लोखंडी पेटीसारखा भक्कम. नवा असताना अशा यंत्राची किंमत लाखांत होती. विद्यार्थी निधीतून तो घ्यावा, अशी सूचना आहे आणि आमच्यापैकी बहुतेकांचे मत अनुकूल आहे. अशा वेळी विरुद्ध बाजूने बोलणे म्हणजे लग्नघरी खर्चाचा विषय काढण्यासारखेच. तरीही प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत असे आहे की, या कामासाठी हा सर्व्हर आपण घेऊ नये. गुरुजन व मित्र यांनी पुढील हिशोब पाहावा आणि मग काय ते ठरवावे.

सर्व्हर या शब्दाचा आपल्यापैकी अनेकांनी उगाच धाक घेतला आहे. सर्व्हर म्हणजे सेवा देणारा संगणक. दुसऱ्या संगणकांनी काही मागितले की ते काढून देणे, हे त्याचे काम. तो दिवसरात्र चालावा, एक भाग बिघडला तरी बंद पडू नये, म्हणून त्याची बांधणी वेगळी असते. विजेचा पुरवठा करणारे दोन संच असतात, एक गेला तर दुसरा चालतो. यंत्र चालू असताना डिस्क बदलता येते. स्मरणात साठवलेल्या माहितीत एखादी बारीक चूक झाली तर ती आपोआप दुरुस्त होते. हे सारे गुण खरे आहेत आणि जुन्या यंत्रातही ते टिकून असतात. त्याला भंगार म्हणणे अन्यायाचे होईल.

मग तो इतका स्वस्त का? हा प्रश्न विचारल्याशिवाय बैल घेऊ नये, असे आपल्याकडचा शेतकरीसुद्धा सांगेल. आर-७१० हे यंत्र बाजारात आले २००९ साली. मोठ्या कंपन्या आपले सर्व्हर चार-सहा वर्षांत बदलतात. यंत्र बंद पडले म्हणून नव्हे, तर त्याच्या दुरुस्तीची हमी संपते आणि नवे यंत्र तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त काम करते म्हणून. ज्या कंपनीकडे पैशाला तोटा नाही आणि तंत्रज्ञांची फौज आहे, तिलाही हे यंत्र चालवणे परवडेनासे झाले. तिने काढून टाकलेली यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये आणि बंगळूरच्या एस. पी. रोडवर येतात व तेथून आपल्यापर्यंत पोचतात. म्हणजे ही किंमत कोणाच्या उदारपणामुळे उतरलेली नाही. जो खर्च त्या कंपनीला नको झाला, तो यंत्रासोबत आपल्याकडे येतो आहे, एवढाच या स्वस्ताईचा अर्थ.

आता तो खर्च मांडून पाहू. दोन प्रोसेसरांचे हे यंत्र फारसे काम नसताना, नुसते चालू असतानाही साधारण दीडशे ते दोनशे वॅट वीज घेते. आपण १८० धरू. म्हणजे ६० वॅटचे तीन जुने पिवळे दिवे अहोरात्र जळत ठेवण्यासारखे. दिवसाला ४.३२ युनिट, वर्षाला सुमारे १,५७७ युनिट. युनिटला १० रुपये दर धरला तर वर्षाचे बिल १५,७७० रुपये. यंत्राची किंमत १५,०००! म्हणजे दरवर्षी आपण एक सर्व्हर घेतो आणि तो विजेच्या मीटरमध्ये घालतो. पाच वर्षांत ही रक्कम ७८,००० रुपयांच्या वर जाते. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये हा आकडा असणार नाही, कारण तो आकडा त्याला भरायचा नाही.

यावर एका मित्राने बिनतोड वाटणारे उत्तर दिले. तो म्हणाला, "रात्री बंद ठेवू की!" हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. महाविद्यालयाचे दिवस वर्षाला २५०, दिवसाला ८ तास धरले तर वीज लागेल ३६० युनिट, म्हणजे ३,६०० रुपयांची. एवढे आपल्याला परवडेल. परंतु मग प्रश्न असा की, सकाळी सुरू करून संध्याकाळी बंदच करायचे असेल तर दिवसरात्र चालण्यासाठी घडवलेले यंत्र घ्यायचे कशाला? त्याची जी थोरवी आपण सांगतो, तीच आपण वापरणार नाही. साधा छोटा संगणक असे काम १५ वॅटच्या आसपास विजेत करतो. दिवसरात्र चालवला तरी वर्षाला १३१ युनिट, १,३१० रुपये. आणि फक्त महाविद्यालयाच्या वेळात चालवला तर ३०० रुपये.

विजेचा हिशोब येथेच संपत नाही. यंत्राने खाल्लेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एप्रिल-मे महिन्यांत आपला वाचनकक्ष कसा असतो हे तेथे परीक्षेचा अभ्यास केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या खोलीत ही भट्टी कोठे ठेवणार? ती थंड राहावी म्हणून सर्व्हरच्या आत लहान आकाराचे, प्रचंड वेगाने फिरणारे पंखे असतात आणि त्यांचा आवाज सतत, चिरका व कानात बसणारा असतो. ज्या इमारतींसाठी ही यंत्रे बनवली गेली, तेथे माणसे बसत नाहीत, म्हणून त्या आवाजाची कोणी पर्वा केली नाही. आपल्याकडे ग्रंथपाल बाई एका पुस्तकाचा आवाज झाला तरी वर पाहतात. दुसरी एखादी खोली द्यायची म्हटले तर आपल्याकडे वर्गांनाच खोल्या पुरत नाहीत. शिवाय वीज गेली की यंत्र नीट बंद व्हावे म्हणून बॅटरीचा संच लागेल. तोही मोठा लागेल आणि त्याच्या बॅटऱ्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागतील. मसाला असा वाढत जातो.

सुटे भाग व प्रणाली यांचेही पाहिले पाहिजे. या जातीच्या अनेक यंत्रांत बसवलेले पर्क-६ नावाचे जुने नियंत्रक कार्ड २ टेराबाइटहून मोठी डिस्क पूर्णपणे वापरू शकत नाही. म्हणजे उद्या बाजारात सहज मिळणारी मोठी डिस्क आणली तर आधी ते कार्ड बदलावे लागणार. रेड हॅट लिनक्सची २०२५ मध्ये आलेली दहावी आवृत्ती या पिढीच्या प्रोसेसरवर चालतच नाही, कारण तिला लागणाऱ्या काही आज्ञा या प्रोसेसरांना ठाऊक नाहीत. डेबियनसारख्या दुसऱ्या प्रणाली चालतात, हे मान्य. पण दरवर्षी एकेक दार बंद होत जाणार, हेही तितकेच खरे. जुन्या वाड्यात राहायला हरकत नसते. मात्र गवंडी ओळखीचा असावा लागतो.

आता मूळ कामाकडे वळू. इतक्या मोठ्या यंत्राची आपल्याला गरज तरी आहे काय? साध्या आकडेमोडीने हे कळते. ए-फोर आकाराचे एक पान रंगीत आणि स्वच्छ, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात उतरवले, तर त्यात सुमारे ८७ लाख ठिपके येतात. काहीही न दाबता, न आवळता ठेवले तर त्याला २६ मेगाबाइट जागा लागते. एका अंकाची पाने सरासरी १५० आणि अंक ५० धरले तर एकूण पाने ७,५००. सर्व मिळून जागा लागेल सुमारे १९५ गिगाबाइट. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये हे सगळे बसते आणि वर भरपूर जागा उरते. ग्रंथालयाच्या सूचीसाठी 'कोहा' नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील एका लहानशा ग्रंथालय-संस्थेसाठी ती १९९९ साली तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लहान ग्रंथालयासाठी जी तयार झाली, ती चालवायला आपल्यासारख्या ग्रंथालयाला मोठा सर्व्हर लागत नाही. वाचनकक्षात एका वेळी फार तर दहा-पंधरा विद्यार्थी अंक पाहतील. त्यासाठी साधा संगणक पुरे आहे. घरात चार माणसे असताना कोणी लग्नकार्याचे पातेले विकत घेत नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि सर्व्हरच्या बाजूने तो सर्वांत जास्त मांडला जातो. सर्व्हरमध्ये दोन डिस्का एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी दुसरी असते, म्हणून आपले अंक सुरक्षित राहतील, असे सांगतात. येथे एक मोठा गैरसमज आहे. कोणी चुकून एखादा अंक पुसला तर तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कांवरून पुसला जातो, कारण नक्कल करणे हेच त्यांचे काम. विजेचा मोठा झटका आला, आग लागली, छत गळले, तर दोन्ही डिस्का एकाच पेटीत आहेत. १९६१ साली पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये घराघरांतील पुस्तके व कागद चिखलात गेले. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे महापुराने तेच केले. पाणी कपाट कसले आहे हे पाहत नाही. म्हणून खरी सुरक्षितता दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीत असते. एक प्रत ग्रंथालयात, एक प्राचार्यांच्या कार्यालयात आणि एक गावाबाहेर किंवा दुसऱ्या शहरात. या तीन प्रती आपण ठेवल्या तर साध्या संगणकावरचे अंकही सुरक्षित आहेत. त्या ठेवल्या नाहीत तर लाखाचा सर्व्हरही आपल्याला वाचवणार नाही.

सर्व्हरच्या बाजूचे दोन मुद्दे मात्र मला मनापासून मान्य आहेत, आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला असा की, चालणारी वस्तू टाकून देऊ नये. हा आपल्या घरचाच संस्कार आहे. पण जुना सदरा वापरला तर तो रोज काही खात नाही. हे यंत्र रोज खाते. शिवाय ते बंद पडल्यावर रद्दीवाल्याला देऊन मोकळे होता येत नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत व्यवस्थेकडेच द्यावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्याआधी डिस्कांवरची माहिती कायमची पुसावी लागते, ते वेगळेच. जुने वापरायचेच असेल तर एखाद्या कचेरीतून निघालेला छोटा संगणकही जुनाच असतो, जवळपास तेवढ्याच किमतीत मिळतो आणि वीज मात्र दशांशाहून कमी खातो.

दुसरा मुद्दा शिकण्याचा. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना असे यंत्र उघडून पाहायला, त्याचे भाग काढून बसवायला, त्यावर एकाच वेळी वीस वेगवेगळे आभासी संगणक चालवून पाहायला मिळाले तर त्यासारखा शिक्षक नाही. त्या कामाला स्वस्त आणि भरपूर स्मृती लागते आणि ती या यंत्रात मिळते. तेथे ते तासापुरते चालेल, तास संपला की बंद होईल. बिघडले तर तोही एक धडाच. अशा विभागाने जुना सर्व्हर अवश्य घ्यावा. त्यातही शक्य झाल्यास २०१४ नंतरच्या पिढीचा घ्यावा, म्हणजे वीज व सुटे भाग या दोन्हींचा त्रास कमी. यंत्र वाईट नाही. आपल्या कामाशी त्याची जोडी जमत नाही, इतकेच माझे म्हणणे.

या सगळ्याहून मोठा प्रश्न माणसाचा आहे. आज आपल्यात दोन-तीन मित्र असे आहेत की, ज्यांना या यंत्राची उत्तम जाण आहे आणि ते हौसेने त्याची निगा राखतील. पण ते तृतीय वर्षात आहेत. महाविद्यालयात पिढी तीन वर्षांची असते. पुढच्या जूनमध्ये ते नसतील, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्याकडून शिकलेले नसतील. मग एके दिवशी यंत्रावर लाल दिवा लागेल. परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसेल, शिपाईमामा ते बंद करून ठेवतील आणि त्यावर कोणीतरी जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचील. त्यात अडकलेले अंक मग कपाटातल्या अंकांपेक्षाही दूर गेलेले असतील, कारण पिवळा कागद निदान डोळ्यांनी वाचता तरी येतो. साधा संगणक आणि साधी डिस्क यांचा मोठा गुण हा की, ती सांभाळायला विशेष माणूस लागत नाही. ग्रंथपाल बाईंना एका पानाची लेखी सूचना दिली तर त्या ते काम पुढच्या कोणालाही सोपवू शकतात.

तेव्हा माझी सूचना अशी. निधीतून छोटा संगणक घ्यावा, त्याला जोडायच्या डिस्का घ्याव्या आणि उरलेला पैसा खऱ्या कामावर घालावा. खरे काम म्हणजे पाने उतरवणे. ठिसूळ पान हळुवारपणे सपाट ठेवणे, प्रतिमा घेणे, ती सरळ आली का पाहणे, याला एका पानामागे दोन मिनिटे लागतात असे धरू. ७,५०० पानांना २५० तास. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेल्या 'कमवा आणि शिका' या विचाराची योजना आपल्याकडे आहे. त्या योजनेतील विद्यार्थ्यांना तासाला ५० रुपये दिले तरी सर्व काम १२,५०० रुपयांत होते. दिवसरात्र चालणारा सर्व्हर आणि छोटा संगणक यांच्या विजेतील एका वर्षाचा फरक आहे १४,००० रुपयांहून अधिक. म्हणजे केवळ वाचलेल्या एका वर्षाच्या विजेत आपले सर्व अंक उतरवून होतात, आणि तो पैसा मीटरमध्ये न जाता आपल्याच एखाद्या मित्राच्या मेसच्या बिलाला लागतो.

त्यानंतरचे कामही माणसाचेच आहे. छापील मराठी वाचून तिची अक्षरे करून देणारी टेसरॅक्टसारखी प्रणाली विनामूल्य आहे. पण झिजलेल्या खिळ्यांचे जोडाक्षर, उडालेला अनुस्वार, रफार की मात्रा, हे तिला दरवेळी उमगत नाही. ते मराठी विभागातल्या आपण मंडळींनी वाचून दुरुस्त करायचे आहे. तसेच, अंक सर्व जगासाठी खुले करण्यापूर्वी लेखकांना विचारावे लागेल. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, आणि आपल्या अंकांतील कितीतरी लेखक सुदैवाने हयात आहेत. त्यांना पत्रे लिहावी लागतील. त्यांतील काही जण कदाचित आपणहून भेटायला येतील आणि त्या काळच्या गोष्टी सांगतील. हे काम कोणताही सर्व्हर करणार नाही.

विद्यार्थी परिषदेची बैठक जवळ आली आहे. तेथे हात वर करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. काम नेमके किती आहे? हे यंत्र वर्षाला काय खाईल? आणि आपण येथून गेल्यावर त्याच्याकडे कोण पाहील? तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे कोणी दिली तर माझाही हात वर जाईल. तोपर्यंत निधीच्या वहीत सर्व्हरच्या नावाची ओळ कोरी ठेवावी आणि कपाटातला पहिला अंक उतरवायला घ्यावा. कागद आपल्या बैठकीसाठी थांबलेला नाही.